सॅक्सोफोनवरचा ब्लूज: पाचव्या बारला काय होतं

तुमचा प्रश्न मला असा कळला. वडील गेल्यापासून वर्षभर तुम्ही रात्री सॅक्सोफोनवरचा ब्लूज, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या माणसांच्या गाण्यातून आलेलं ते संगीत, ऐकताय. पहिली दोन-तीन मिनिटं गळा दाटून येतो, मग तेच ते वाटायला लागतं. तासाभरानं बंद करता तेव्हा मन होतं तिथंच असतं, उलट थोडं जडच. लोक याला भावनांचा प्रवास म्हणतात, आणि तुमची गाडी पहिल्या स्टेशनातून हलत नाही. म्हणून विचारलंत, माझ्या कानात काही कमी आहे का? जाता जाता तुम्ही आणखी दोन गोष्टी लिहिल्यात: लहानपणी दोन वर्षं तबला शिकलात, आणि वडिलांची पेटी (हार्मोनियम) घरात आहे. माझं बहुतेक उत्तर या दोन गोष्टींवरच उभं आहे.

आधी माझ्याविषयी. मी इंदूरला रामबागेत राहतो. सॅक्सोफोन हातात घेऊन 38 वर्षं झाली. सुरुवात लग्नाच्या बँडमध्ये, मग ऑर्केस्ट्रा, मग काही वर्षं हॉटेलात संध्याकाळची ड्यूटी, आता मुलांना शिकवतो. मी अभ्यासक नाही, वाजवणारा आहे, तेव्हा जे सांगेन ते तोंडात रीड, म्हणजे फुंकल्यावर थरथरणारी ती पातळ पट्टी, धरून कळलेलं आहे.

कानात कमी काही नाही. तुम्ही काय ऐकताय हा पहिला मुद्दा, आणि कुठे कान लावताय हा दुसरा.

पहिला लवकर संपवतो. तीन-तीन तासांचे ते व्हिडिओ, काचेवरून ओघळणारा पाऊस, पिवळा दिवा, व्हिस्कीचा ग्लास, आणि मागे सॅक्सोफोन. तुम्ही तेच ऐकत असणार, वर्णनावरून वाटतं. ते हलू नये म्हणूनच बनवलेले असतात. एकच मायनर कॉर्ड (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे तीन-चार सूर) किंवा दोन कॉर्ड फिरत राहतात, सॅक्सोफोनवर विहिरीत वाजवल्यासारखा घुमारा चढवलेला असतो, आणि वाजवणारा कधी कळसाला जात नाही, कारण तो गेला तर ऐकणाऱ्याचं पुस्तकातलं किंवा झोपेतलं लक्ष उडेल. त्यातल्या काहींमध्ये तर मला वाजवणाऱ्याचा श्वासच सापडत नाही. ओळी संपतात, पण दम कुठे घेतला ते कळत नाही. हॉटेलात असताना मीही हेच करत होतो, म्हणून हसायचा मला फार हक्क नाही. एकदा मी जरा रंगात आलो तर मॅनेजर कानाशी येऊन म्हणाला, "सर, सॅड चलेगा, पर ज्यादा नहीं, गेस्ट खाना खा रहे हैं." हलकं दुःख, तोंडी लावण्यापुरतं. तुमच्या प्लेलिस्टमध्ये मला तोच मॅनेजर दिसतो.

आता दुसरा मुद्दा, खरा.

आपले कान तानपुऱ्यावर वाढलेले असतात. षड्ज एकदा लागला की लागला. गवई तीन सप्तकं फिरून आला तरी जमीन तीच. इंदूरमध्ये तर आम्ही अमीर खाँसाहेबांच्या विलंबित झूमरा तालातल्या संथ गाण्यावर पोसलेले, सावकाशीची आम्हाला अडचण नाही. अडचण अशी की ब्लूज ऐकतानाही आपण मनातल्या मनात तानपुरा चालू ठेवतो आणि सॅक्सोफोनला गवई समजून फक्त त्याच्याच मागे जातो. तसं ऐकलं तर ब्लूजमध्ये खरंच फार काही नाही. सूर जेमतेम पाच-सहा: सा, कोमल ग, म, कधी तीव्र म, प, कोमल नि. धानी रागाच्या जवळचं. दोन आवर्तनांत रागाचा चेहरा दिसून जातो, मग कंटाळा येणारच. मला पहिली पाच-सहा वर्षं यायचा.

ब्लूजमध्ये जमीन सरकते. आणि ती कधी सरकणार हे आधीपासून ठरलेलं असतं.

तुम्ही तबला शिकलाय म्हणून तुमच्या भाषेत सांगतो. ब्लूजचा साधा साचा 12 बारचा, बारला 4 मात्रा. म्हणजे 48 मात्रा. म्हणजे त्रितालाची बरोबर 3 आवर्तनं. पहिल्या आवर्तनात जमीन षड्जाची, सोळाही मात्रा. दुसऱ्या आवर्तनाच्या समेला, म्हणजे पहिल्या मात्रेला, जमीन मध्यमावर जाते आणि खालीला, म्हणजे नवव्या मात्रेला, परत षड्जावर येते. तिसऱ्याच्या समेला पंचमावर, पाचव्या मात्रेला मध्यमावर, आणि खालीला पुन्हा घरी. झाला एक फेरा. याला कोरस म्हणतात. याचे पोटभेद खूप आहेत. काही जण दुसऱ्याच बारला मध्यमाला एक चक्कर मारून येतात, आणि चार्ली पार्करसारखा जॅझ वाजवणारा मधल्या जागा इतक्या कॉर्डनी भरतो की मोजणारा गोंधळतो. पण बुडाशी हा साचा असतो, आणि सुरुवातीला साधेच घ्यावेत.

मला हे कळलं ते मुंबईत, चोवीस-पंचवीस वर्षांचा असताना. एका रेकॉर्डिंगसाठी गेलो होतो, मधल्या सुट्टीत एक वयस्कर गोवेकर पियानोवाले बसले होते. मी आपला कोपऱ्यात ब्लूज वाजवत होतो, म्हणजे कोमल गंधारावर डोळे मिटून रडत होतो. ते म्हणाले, "इतका कशाला छळतोस त्याला? एकच सूर धर, कोमल ग. बारा बार तोच वाजव, दम तुटला तर घे, पण सूर बदलू नको." मी धरला. त्यांनी खाली कॉर्ड वाजवायला घेतल्या.

पहिले चार बार तो सूर टोचत होता. कारण खालच्या कॉर्डमध्ये सा, शुद्ध ग, प आणि कोमल नि होते, आणि माझा कोमल ग त्या शुद्ध गंधाराला अगदी खेटून, घासत उभा होता. आपल्याकडे जोग रागात दोन्ही गंधार येतात, पण एक चढताना आणि एक उतरताना, एकमेकांची वाट सोडून. इथे दोघं एकाच दारात अडकले होते. मग पाचवा बार आला. त्यांनी हात मध्यमाच्या कॉर्डवर नेला: म, ध, सा आणि कोमल ग. माझाच सूर त्या कॉर्डमध्ये होता. टोचणं गेलं. मी ओठ हलवला नव्हता, दाब बदलला नव्हता, आणि तोच सूर एकदम घरात जाऊन बसल्यासारखा झाला. सातव्या बारला ते षड्जावर परतले, पुन्हा टोचला. नवव्या बारला पंचमाच्या कॉर्डवर गेले, त्यात रिषभ असतो आणि माझा कोमल ग बरोबर त्याच्या डोक्यावर, तिथे तर सगळ्यांत जास्त बोचला. दहाव्याला बसला. अकराव्याला घरी आलो आणि परत तीच पहिली टोचणी. फक्त आता ती ओळखीची होती.

त्यांनी पियानोचं झाकण लावलं आणि चहा प्यायला गेले. मी बराच वेळ तिथेच बसून होतो.

सॅक्सोफोनवरच्या ब्लूजमध्ये ज्याला प्रवास म्हणतात तो मला या 48 मात्रांत सापडला. वाजवणारा बऱ्याचदा आपल्या दुःखाला हातच लावत नाही, ते धरून ठेवतो आणि खालून जमीन जाऊ-येऊ देतो. तुम्ही फक्त वरचा सूर ऐकत होतात, म्हणून तो तुम्हाला एकाच जागी उभा दिसला.

वडिलांच्या पेटीवर हे करून पाहता येईल. उजव्या हाताच्या एका बोटानं वरच्या सप्तकातला कोमल ग दाबून ठेवा. डाव्या हातानं खाली सा-ग-प-कोमल नि धरा. भाता कोण मारणार हा प्रश्न आहेच. घरातलं कुणी बसवा, मूल असेल तर फारच छान. तोंडानं त्रितालाचे बोल म्हणा. दुसऱ्या समेला डावा हात म-ध-सा-कोमल गवर न्या, खालीला परत. तिसऱ्या समेला प-शुद्ध नि-रे-म, पाचव्या मात्रेला मध्यमाची, खालीला षड्जाची. बोटं चुकतील, चुकू देत. चार-पाच फेऱ्यांनंतर डावा हात हलायच्या आधी, चौदाव्या-पंधराव्या मात्रेलाच छातीत काहीतरी होऊ लागेल. समेची वाट बघताना होतं तेच.

मग सॅक्सोफोनच का, पियानोवर किंवा गिटारवर हे होत नाही का? होतं की. गिटारवर ब्लूज आधीपासून आहे, आणि त्याच्याही आधी नुसता गळा. अमेरिकेच्या दक्षिणेत कापसाच्या शेतांत राबणाऱ्या काळ्या माणसांच्या हाळ्यांतून, कामाच्या गाण्यांतून ते आलं. माझी आजी जात्यावरच्या ओव्या म्हणायची, त्याची मला आठवण होते. तक्रार आहे, पण हात थांबत नाही. ब्लूजच्या गाण्यात एक ओळ म्हणतात, तीच पुन्हा म्हणतात, आणि तिसऱ्या ओळीत तिचं उत्तर देतात. तुमच्या तीन आवर्तनांत तीन ओळी. आणि प्रत्येक ओळ साधारण अर्ध्या आवर्तनात संपते. उरलेल्या अर्ध्यात वाद्य बोलतं. गायिकेनं जे सांगितलं त्यावर सॅक्सोफोन हुंकार भरतो, कधी वाद घालतो. आपल्याकडे गाणाऱ्याच्या मागे सारंगी भरते तसं.

सॅक्सोफोन हा खरं तर फौजेच्या बँडसाठी केलेला बाजा. अॅडॉल्फ सॅक्स या बेल्जियन कारागिरानं 1846 साली पॅरिसला त्याचं पेटंट घेतलं. अंग पितळेचं, पण आवाज निघतो रीडमधून, म्हणून जातीनं तो क्लॅरिनेटच्या घरातला. लग्नाच्या बँडपर्यंत तो फौजी बँडच्याच वाटेनं आला. तिकडे 1920 नंतर तो ब्लूज गाणाऱ्या बायकांच्या मागे वाजायला लागला; कोलमन हॉकिन्ससारखा थोर टेनरवाला (टेनर म्हणजे भरदार आवाजाचा सॅक्सोफोन) पोरवयात मॅमी स्मिथबरोबर फिरत होता. पण या बाजाला माणसाचा गळा फुटतो कसा, ते सांगतो.

माझे उस्ताद, राजवाड्यामागच्या गल्लीत राहणारे एक बँडमास्टर, नव्या मुलाला पहिले दोन महिने एकच वाक्य ऐकवायचे: "खींच मत, छोड़." सॅक्सोफोनवर सूर वर ओढणं अवघड, खाली सोडणं सोपं. खालच्या ओठाचा रीडवरचा दाब किंचित सैल केला की सूर घसरतो. म्हणून ब्लूज वाजवणारा सूर मुळातच थोडा ढिला धरतो आणि आवळत आवळत जागेवर आणतो, किंवा जागेवर धरून सुटू देतो. कोमल आणि शुद्ध गंधाराच्या मधे जी जागा आहे, जिला पेटीत पट्टीच नाही, ती त्याला अशी मिळते. मींड म्हणा हवं तर, पण ही जबड्याची मींड आहे. आवंढा गिळताना जबडा जसा सुटतो तसा. रीड फार कडक असेल तर हे होत नाही. मी अडीच नंबरची वापरतो, तीनवर माझा ओठ थकतो. आणि घशातून गुरगुरत फुंकलं की आवाजाला करवत लागते. त्याच्या उलट, अगदी हळू, अर्धी हवा वाया घालवत फुंकलं की सुराआधी श्वास ऐकू येतो. बेन वेब्स्टर हा अमेरिकन टेनरवाला हे करायचा. त्याच्या सुराच्या शेवटी नुसती हवा उरते, फूऽऽ, आणि तुम्हाला वाटतं कुणीतरी शेजारी बसून सुस्कारा टाकला.

तीन तासांचे व्हिडिओ बंद करा आणि त्याऐवजी काही थोडं, पण नीट ऐका.

डिसेंबर 1957 मध्ये न्यू यॉर्कला सीबीएसनं टेलिव्हिजनवर जॅझचा एक थेट कार्यक्रम केला. त्यात बिली हॉलिडे ही गायिका 'फाइन अँड मेलो' हा स्वतःचाच ब्लूज गाते. उंच स्टुलावर बसलेली, भोवती वाजवणारे उभे. चित्रफीत सहज सापडते. तिच्या पहिल्या कडव्यानंतर वेब्स्टर वाजवतो, भरदार, श्वासाचा. मग लेस्टर यंग, तोही टेनरवाला, उठतो. 1930 च्या दशकात यंग आणि बिली एकमेकांचे फार जवळचे; 'लेडी डे' हे नाव तिला त्यानंच दिलं आणि 'प्रेझ' हे त्याला तिनं. नंतर दुरावले. त्या दिवशी त्याची तब्येत इतकी ढासळलेली की बाकी कार्यक्रमात तो जेमतेम होता. तो एकच कोरस वाजवतो. त्रितालाची तीन आवर्तनं, बस्स. सूर मोजता येतील इतके थोडे. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावर जातो. ती मान किंचित हलवते, ओठ मिटलेले, आणि नजर अशी की जे तो सांगतोय ते तिला आधीच माहीत आहे आणि तरी ऐकायचंय. 1959 च्या मार्चमध्ये तो गेला, जुलैमध्ये ती.

हा तुकडा मी शेकडो वेळा पाहिला असेल. विद्यार्थ्यांना दाखवतो तेव्हा सांगतो, पहिल्यांदा डोळे मिटून मात्रा मोजा, दुसऱ्या समेवर बोट टेका. दुसऱ्यांदा डोळे उघडून तिचा चेहरा बघा. उलट क्रमानं केलं तर चेहराच ऐकू येतो, संगीत नाही.

दुसरं, याच्या अगदी विरुद्ध. 7 जुलै 1956, अमेरिकेतल्या न्यूपोर्टचा जॅझ महोत्सव, ड्यूक एलिंग्टनचा वाद्यवृंद. एका जुन्या रचनेच्या दोन भागांच्या मधे टेनर वाजवणारा पॉल गोन्साल्व्हिस उभा राहतो आणि लागोपाठ 27 कोरस घेतो. सत्तावीस फेरे त्याच बारा बारांचे. लय चांगली चढी. सातव्या-आठव्या फेऱ्यानंतर लोकांचा आवाज मागून वाढत जातो, एक बाई नाचायला उठतात, मग सगळेच. फार बारीक नक्षी नाही त्यात; साधेच सूर, पण प्रत्येक पाचव्या बारला खालून कुणी झोका दिल्यासारखं होतं. हे ऐकल्याशिवाय ब्लूज म्हणजे दुःख ही समजूत जात नाही. ब्लूज नाचायच्या ठिकाणीही वाजायचा. लुई जॉर्डनचं 1940 च्या दशकातलं काही लावा, त्याचा ऑल्टो (टेनरपेक्षा बारीक आवाजाचा सॅक्सोफोन) आणि त्याचा वात्रटपणा, आणि बघा पाय थांबतो का. लग्नाच्या बँडमधल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही: मुलगी निघताना सगळे रडतात आणि कोपऱ्यावर वळल्याबरोबर पोरं म्हणतात, मास्टर, नागिन वाजवा. दोन्ही खरं असतं.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते. गाडी चालवताना हे ऐकू नका. मोजता येत नाही आणि मोजलंत तर ब्रेक विसराल. मोबाइलच्या स्पीकरवर खालचा बास ऐकूच येत नाही, आणि जमीन सरकते ती बासमध्ये. साधे इअरफोन चालतील. झोपायच्या आधी ऐकावं का? मला चालतं, माझ्या बायकोला नाही, ती म्हणते रात्रभर कुणीतरी दार वाजवतंय असं वाटतं. दिवसातून दोन-तीन कोरस पुरे, म्हणजे काही मिनिटं. मिठाईसारखं आहे, सराफ्यात, म्हणजे आमच्या इंदूरच्या खाऊबाजारात, रात्री सगळंच खाल्लं तर जिलबीची चव राहत नाही.

आणि एक गोष्ट स्पष्टच सांगतो. झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, कामात मन लागत नसेल, आणि हे महिनोन्‌महिने चालू असेल, तर हे बाजूला ठेवून डॉक्टरांना भेटा. संगीत औषध आहे असं म्हणणाऱ्यांत मी नाही. माझी आई गेली तेव्हा मी चार महिने सॅक्सोफोन त्याच्या खोक्यातून काढला नाही, काढला तेव्हा पॅड, म्हणजे भोकं झाकणाऱ्या कींखालच्या गाद्या, चिकटलेली. दहाची नोट पॅडखाली धरून हळूच ओढली, असं सात-आठ कींना केलं, आणि त्या दिवशी तेवढंच जमलं. वाजवलं दुसऱ्या दिवशी, तेही पाच मिनिटं. प्रत्येकाचा वेळ वेगळा. तुमचं एक वर्ष फार आहे की थोडं, हे मला इथून कळणार नाही.

तर आधी पेटी, मग लेस्टर यंगचा तो एक कोरस, मग न्यूपोर्ट. आठ-दहा दिवसांनी दुसऱ्या समेला काय झालं ते जरूर कळवा. काहीच झालं नाही तरी कळवा, मग बोटं कुठे चुकतायत ते पाहू. वडिलांची पेटी वर्षभर बंद असेल तर सूर हलले असू शकतात. बाकीचे लावून घ्या. कोमल गंधार मात्र थोडा चढा लागत असेल, तर तेवढा दुरुस्तीवाल्याला लावू देऊ नका.